आजोबांचा दाखला, नातवाचा पासपोर्ट

पालघरहून माहीमकडे जाणारा रस्ता वाड्यावाड्यांमधून जातो. नारळी, केळी, आणि ज्यांच्यामुळे केळवे-माहीमचे नाव दूरदूरच्या बाजारपेठांत पोहोचले ती विड्याची पाने. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस या गावातील एका परिचित कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. चहापाणी झाल्यावर घरातील सत्तावीस वर्षांच्या मुलाने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. कागद पिवळा पडलेला, मजकूर पोर्तुगीज भाषेतला, रकाने शाईने भरलेले. त्याच्या आईच्या वडिलांच्या जन्मनोंदीचा तो उतारा होता. मुलाचे आजोळ दमणचे. आजोबा तांडेल होते. हयातभर समुद्र त्यांना वाचता आला, हा कागद मात्र त्यांनी कधी वाचला नसावा.

"काका, याच्यावर मला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो. आधी आजोबांची नोंद, मग आईची, मग माझी. त्यानंतर लंडन. मामेभाऊ लेस्टरला आहेच. एजंट म्हणतो, आपला भारताचा पासपोर्टही राहू द्यायचा, कोणी विचारत नाही. खरे का हो?"

मुलगा सालस आहे. पदविका घेऊन बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये राबतो आहे. त्याच्या विचारण्यात लबाडी नव्हती. पण त्याच्या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले होते. परदेशी जाऊन तेथील नागरिक व्हावे का, हा एक. दोन देशांचे नागरिकत्व एकाच खिशात लपवून वागवावे का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. दुसऱ्याचे उत्तर आपल्या राज्यघटनेने आणि कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे, आणि ते उत्तर योग्य आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा कागद मुळात आला कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. पोर्तुगिजांनी दमण घेतले १५५९ साली. त्या काळी माहीम, केळवे, तारापूर, डहाणू हा सारा किनारा त्यांच्याच अमलाखाली होता. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांच्या सैन्याने माहीम आणि तारापूर घेतले. तारापूरच्या वेढ्यात बाजी भीमराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर कोकणातील फिरंगी सत्तेचा कणा मोडला. दमण तेवढे त्यांच्याकडे राहिले. म्हणजे वापीला उतरून अर्ध्या तासात जेथे पोहोचता येते त्या दमणात आणि माहीमात जो कायदेशीर फरक आज आहे, तो चिमाजी अप्पांच्या त्या मोहिमेने घडविला. ती मोहीम झाली नसती तर माहीमच्या प्रत्येक घरातील नातू आज हाच कागद शोधत बसला असता! इतिहासाने आपल्यावर केलेला हा उपकार आपण कधी मोजलेला नाही.

दमणला मुक्तीसाठी आणखी सव्वादोनशे वर्षे थांबावे लागले. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीने दमण जिंकून घेतले. जवानांचे रक्त तेथे सांडले. त्याआधी सात वर्षे, भर पावसात, २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले होते. त्या स्वयंसेवकांच्या तुकडीत राजा वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे होते, हे या पृष्ठांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्याच्या दहा-बारा दिवस आधी दादरा मुक्त केले ते फ्रान्सिस मस्करेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. फिरंगी सत्तेविरुद्धचा लढा हा कोणा एका उपासनापंथाचा नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासाठी हे नाव पुरेसे आहे. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना तर पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यातील तुरुंगात डांबले गेले होते.

पराभव मान्य करण्याचा उमदेपणा पोर्तुगालच्या त्या वेळच्या हुकूमशहाकडे नव्हता. दादरा-नगर हवेलीसाठी पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला आणि भारताने आपले कोणतेही दायित्व मोडलेले नाही असे न्यायालयाने म्हटले. गोवा, दमण व दीव गेल्यावरही लिस्बनच्या लेखी ते 'आपले प्रांत'च राहिले. भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते तेथील राज्यक्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये. या हट्टातूनच आजचा पासपोर्ट जन्मास आला आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशांत जन्मलेला मनुष्य पोर्तुगीज कायद्याच्या दृष्टीने जन्मतः पोर्तुगीज. त्याची नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवून घेतली की हा हक्क मुलाकडे आणि पुढे नातवाकडे सरकतो.

येथे एक आठवण दिल्यावाचून राहवत नाही. सांगलीचे मोहन रानडे शिक्षक म्हणून गोव्यात गेले, सशस्त्र लढ्यात उतरले, १९५५ साली जखमी अवस्थेत पकडले गेले. गोवा १९६१ साली मुक्त झाला. रानडे मात्र १९६९ च्या जानेवारीपर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी जिवाचे रान केले. गोव्याने मोकळा श्वास घेतल्यावर सात वर्षे ज्या देशाने आमच्या माणसाला कोठडीत ठेवले, त्याच देशाच्या नोंदवहीत नाव चढावे म्हणून आज आमचे तरुण एजंटांचे उंबरे झिजवीत आहेत. यात त्या तरुणांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांना हे कोणी सांगितलेलेच नाही, हा दोष आपला.

आता कायदा. दमणच्या लोकांना भारताने वाऱ्यावर सोडलेले नव्हते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या सातव्या कलमाखाली मार्च १९६२ मध्ये एक आदेश निघाला. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिच्या आईवडिलांपैकी अथवा आजी-आजोबांपैकी कोणी, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशांत जन्मलेले होते, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारताची नागरिक ठरली. ज्यांना पूर्वीचे नागरिकत्व राखायचे होते त्यांनी महिन्याभरात लेखी कळवावे, अशी मुभा होती. म्हणजे भारताने प्रश्न एकदा स्वच्छपणे विचारला होता, आणि त्या तांडेल आजोबांनी आपले उत्तर न बोलता, येथेच राहून दिले होते. नातू आज लिस्बनला जे सांगू पाहतो आहे ते आजोबांच्या त्या उत्तराच्या विरुद्ध आहे. आजोबांच्या नावावर आजोबांनीच नाकारलेले मागायचे, असा हा चमत्कारिक वारसा!

घटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५ च्या कायद्याचे नववे कलम यांचा आशय एकच: स्वेच्छेने अन्य देशाचे नागरिकत्व पत्करणारा भारताचा नागरिक राहत नाही. त्यासाठी कोणी आदेश काढावा लागत नाही. ज्या दिवशी ते पत्करले त्या दिवशी येथील संपले. नियमांत तर असेही म्हटले आहे की परदेशाचा पासपोर्ट मिळविणे हाच स्वेच्छेने नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा होय. या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि १९६२ साली इझहार अहमद खान खटल्यात न्यायालयाने तो वैध ठरविला. तेव्हा 'कोणी विचारत नाही' हे एजंटाचे वाक्य कितीही गोड वाटले तरी त्याचा खरा अर्थ इतकाच की, तू या देशाचा नागरिक राहिलेला नाहीस ही गोष्ट अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही.

लेस्टरच्या त्या मामेभावाची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. तो दहा-बारा वर्षांपूर्वी पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेला. पोर्तुगाल तेव्हा नावापुरताच. युरोपीय संघाच्या कोणत्याही देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये मुक्तपणे काम करू शकत होता, म्हणून गोवा-दमण-दीवची माणसे लिस्बनमार्गे लेस्टर, स्विंडन, साउथॉल येथे पोहोचली. तेथे रुजल्यावर त्याने ब्रिटिश नागरिकत्वही घेतले. मुले तेथेच जन्मली, ती ब्रिटिश. ब्रिटनला आणि पोर्तुगालला एकाहून अधिक नागरिकत्वे चालतात, त्यामुळे त्या दोघांमधील जोडी कायदेशीर आहे. पण गृहस्थाचा जुना भारतीय पासपोर्टही कपाटात आहे आणि गावच्या जत्रेला येताना तो बाहेर निघतो. मुंबईच्या विमानतळावर भारतीय म्हणून उतरायचे. परतताना 'ब्रिटनचा व्हिसा कोठे' असा प्रश्न येऊ नये म्हणून आखाती देशाचे तिकीट काढायचे आणि तेथून पुढे पासपोर्ट बदलायचा. हे सारे तो कौतुकाने सांगतो म्हणे! पासपोर्ट कायद्याखाली माहिती दडवून पासपोर्ट मिळविणे वा वापरणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे, हे त्या कौतुकात येत नाही. स्वतः ब्रिटननेही फेब्रुवारी २०२६ पासून आपल्या दुहेरी नागरिकांना ब्रिटिश पासपोर्ट अथवा हक्काचे प्रमाणपत्र दाखवूनच देशात प्रवेश करण्याची अट कडक केली आहे. आपला नागरिक कोण, हे प्रत्येक राष्ट्राला ठाऊक असावेच लागते. दुहेरी नागरिकत्व ज्याला चालते त्या ब्रिटनलासुद्धा.

आणि माहीमच्या मुलाला एजंटाने सांगितलेले 'मग लंडन' तर आता निव्वळ खोटे आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले. १ जानेवारी २०२१ पासून नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला तेथे कामाचा आपोआप हक्क नाही. त्यालाही इतर परकीयांप्रमाणे कामाचा व्हिसा हवा. मामेभाऊ त्याआधी पोहोचला होता, म्हणून त्याचे जमले. आजोबांच्या दाखल्यावर पोर्तुगाल मिळेल, लंडन मिळणार नाही. आजोबा लंडनला जन्मले असते तर गोष्ट निराळी. राष्ट्रकुलातील ज्या नागरिकाचे आजी वा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले, त्याला ब्रिटन वंशाधारित व्हिसा देते, आणि तेथून यथावकाश नागरिकत्वाकडे जाता येते.

या 'आजी-आजोबा' अटीची जन्मकथाही आपल्या लोकांशीच निगडित आहे. केनिया १९६३ च्या डिसेंबरात स्वतंत्र झाला तेव्हा तेथील भारतीय वंशाच्या लोकांपुढे केनियाचे नागरिकत्व घेण्यास दोन वर्षांची मुदत होती. बहुसंख्यांनी ब्रिटिश पासपोर्टवर विश्वास ठेवला. लंडनच्या शिक्क्याचा पासपोर्ट हातात आहे, मग चिंता कसली? पुढे केनियात जगणे कठीण झाले, हे पासपोर्टधारक ब्रिटनच्या वाटेला लागले, आणि ब्रिटिश संसदेने काही दिवसांत घाईघाईने कायदा करून १ मार्च १९६८ पासून दार लोटून घेतले. ज्याचे आईवडील अथवा आजी-आजोबा यांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले नाही अशा पासपोर्टधारकास मुक्त प्रवेश नाही! गोऱ्या वसाहतवाल्यांचे आजोबा अर्थातच ब्रिटनमध्ये जन्मलेले होते. गुजराती दुकानदाराचे, गोमंतकीय कारकुनाचे नव्हते. या लोकांसाठी वर्षाला अवघी दीड हजार कुटुंबप्रमुखांची परवानापत्रे ठेवण्यात आली. वंशाचा निकष हा त्या वेळी आपल्या माणसांना बाहेर ठेवण्यासाठी वापरलेला अडसर होता. नंतर चारच वर्षांत, १९७२ साली, इदी अमीनने युगांडातील भारतीयांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकलले, तेव्हा पासपोर्टवरचा मुकुट आणि त्यामागचे वचन या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत हे हजारो कुटुंबांनी अनुभवले.

हे वाचून काही वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहील, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्यापैकी किती घरांत परदेशी पासपोर्ट नाही? पुण्या-मुंबईच्या, डोंबिवली-ठाण्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत एक मूल न्यू जर्सीत, एक मेलबर्नला, हे आता नवल राहिलेले नाही. बोईसरचा कामगार पासपोर्टची आशा धरतो तेव्हा आपण भुवया उंचावतो, आणि संगणक अभियंत्याच्या 'ग्रीन कार्डा'चे पेढे वाटतो. हा दुटप्पीपणा आहे. ब्रिटनमध्ये हिंदू स्वयंसेवक संघाचे काम १९६६ पासून चालू आहे. तेथील शाखेत येणारे बहुतेक जण ब्रिटिश नागरिक आहेत. ते तेथील कायदा पाळतात, कर भरतात, मतदान करतात, आणि मुलांना संक्रांत, गुढीपाडवा, संघप्रार्थना शिकवितात. त्यांनी आपला भारतीय पासपोर्ट रीतसर परत केला आहे. त्यांच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेत नाही, घेऊ नये. श्यामजी कृष्ण वर्मा १८९७ साली देश सोडून गेले ते हयातीत परतले नाहीत. १९३० साली जिनिव्हात वारले. स्वतंत्र भारतात अस्थी न्याव्यात ही त्यांची इच्छा होती, ती २००३ साली पुरी झाली. मातृभूमीचे नाते कोणत्या कागदावर अवलंबून असते, आणि कोणत्या नसते, हे त्या एका उदाहरणावरून कळते.

अशा परदेशस्थ बांधवांसाठी देशाने दारही उघडे ठेवले आहे. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला, ९ जानेवारी २००३ रोजी पहिला प्रवासी भारतीय दिवस साजरा झाला, आणि अटलजींच्या शासनाने केलेल्या दुरुस्तीतून, पुढे २००५ च्या दुरुस्तीने रुंदावलेली, 'ओसीआय' ही व्यवस्था आली. नावात नागरिकत्व असले तरी ते नागरिकत्व नव्हे. आजीवन व्हिसा आहे, येथे राहता-कमावता येते. मतदान नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. त्या वेळी अनेकांना, प्रस्तुत लेखकालाही, ही व्यवस्था कृपण वाटली होती. पूर्ण दुहेरी नागरिकत्व का देऊ नये असे वाटे. आता वाटत नाही. मत देणे म्हणजे त्या निर्णयाचे परिणाम स्वतःही भोगण्याची तयारी ठेवणे. संकट आल्यास ज्याच्या खिशात दुसऱ्या देशाचे दार आहे, त्याने युद्ध-शांतीचे, कराचे, शिक्षणाचे निर्णय ज्यांना ते दार नाही त्यांच्यासाठी घ्यावेत, हे न्याय्य नाही. फाळणीच्या रक्तातून नुकत्याच बाहेर पडलेल्या घटनाकारांनी ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाचे अनुच्छेद संमत केले तेव्हा त्यांना हे नीट उमगले होते.

माहीमच्या मुलाला मी हे तत्त्वज्ञान ऐकवत बसलो नाही. त्याला त्याच्या वाडीविषयी विचारले. चार-पाच गुंठ्यांची वाडी आजही सातबाऱ्यावर वडिलांच्या नावे आहे. वारसाने ती त्याच्याकडे येऊ शकेल; पण परदेशी नागरिक झाल्यावर शेजारची दोन गुंठे विकत घेऊन ती वाढविता येणार नाही. ग्रामपंचायतीच्या मतदारयादीतील नाव काढून घ्यावे लागेल. न काढता मत दिले तर गुन्हा. बहीण सरकारी नोकरीच्या परीक्षा देते आहे. आईची नोंद लिस्बनला झाल्यावर आईचे स्वतःचे नागरिकत्व काय, हा प्रश्न कधीतरी त्या घराच्या दाराशी येईल. मुलगा गप्प झाला. आईचा विचार त्याने केलेलाच नव्हता. एजंटाच्या साखळीत आई ही नुसती मधली कडी होती.

याच ठिकाणी शासनालाही दोन गोष्टी सुनावणे भाग आहे. लिस्बनला जन्मनोंद उतरविणे म्हणजेच नागरिकत्व पत्करणे की पासपोर्ट घेतल्यावरच ते घडते, यावरून गोव्यात वर्षानुवर्षे वाद झाले, लोकप्रतिनिधींच्या निवडणुकांवर आक्षेप आले, प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. अनेकांचे भारतीय पासपोर्ट रद्द झाले. यात लबाड होते तसे अजाणही होते. मुलाच्या हट्टापायी कागदावर अंगठा उठविलेल्या वृद्ध आईबापांना आपण काय केले हे ठाऊकही नसते. स्वच्छ नियम, स्थानिक भाषेत, मराठीत, गुजरातीत, कोकणीत, गावोगाव पोहोचला पाहिजे. दमण आज दादरा-नगर हवेलीसह एकाच केंद्रशासित प्रदेशात आहे, पालघर २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. या दोन प्रशासनांनी मिळून साधी माहितीपत्रके काढली तरी निम्मे एजंट उपाशी मरतील. ज्यांनी अज्ञानाने दोन्ही कागद बाळगले त्यांना मुदत देऊन एक निवडण्याची संधी द्यावी. १९६२ साली महिन्याभराची मुदत होती, आता सहा महिने द्या. प्रामाणिकपणे पासपोर्ट परत करणाऱ्याला गुन्हेगारासारखे वागविले जाणार नाही, याची हमी असावी. मुदत संपल्यावर मात्र दयामाया नको, आणि पहिली कारवाई व्हावी ती पैसे उकळून खोटी स्वप्ने विकणाऱ्यांवर.

माहीमकर आपल्या गावाचे जुने नाव महिकावती असे अभिमानाने सांगतात. मुंबईचे माहीमही त्या नावावर हक्क सांगते, तो वाद येथे नको. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' म्हणजे बव्हंशी वंशावळींचा ग्रंथ. कोणाचे कुळ कोणते, कोणाचे गोत्र काय, मानपान कोणाचा. शके १३७० मध्ये, परक्या सत्तेखाली लोक आपले आचार विसरू लागले असता, मालाडच्या नायकोरावाने लोकांना एकत्र बोलाविले आणि केशवाचार्यांनी त्यांना त्यांची कुळे सांगितली, महाराष्ट्रधर्म सांगितला. तेव्हा आजोबांचे नाव सांगितले जाई ते नातवाला त्याचे कर्तव्य कळावे म्हणून. त्याच किनाऱ्यावर आज आजोबांच्या नावाचा दर एजंट ठरवितो.

निघताना मुलाची आजी, जी काही दिवसांसाठी लेकीकडे आली होती, ओटीवर येऊन बसली. डिसेंबर १९६१ मध्ये ती लहान मुलगी होती. किल्ल्याच्या बाजूने येणारे तोफांचे आवाज, घराच्या मागे खाडीच्या काठाने लपून बसलेली माणसे, आणि दुसऱ्या दिवशी मराठी बोलणारे शिपाई पाणी मागायला आले ते तिने सांगितले. त्यांच्यातल्या एकाने तिच्या वडिलांना 'मामा' म्हणून हाक मारली होती. नातवाने ही गोष्ट प्रथमच ऐकली. कारण, आजी म्हणाली, कोणी कधी विचारलेच नाही.

मी त्याला इतकेच सांगितले: जायचे तर पोर्तुगालला खुशाल जा, भाषा शीक, कष्ट कर, पण ज्या दिवशी तो पासपोर्ट हातात येईल त्या दिवशी हा परत कर, आणि आईला यात ओढण्यापूर्वी तिला सारे समजावून सांग. दिवाळीनंतर त्याचा दूरध्वनी आला. निर्णय अजून झालेला नाही. कागद पुन्हा पेटीत गेला आहे. एजंटाला दिलेली आगाऊ रक्कम त्याने परत मागितली आहे. ती अद्याप मिळालेली नाही.